नवे शॉकअप बसवताना जुनेच डस्ट बूट ठेवले तर चालते का?

घाटवाट

नमस्कार मंडळी. माझी पेट्रोल हॅचबॅक १० वर्षांची असून आजवर ८४,००० किलोमीटर चालली आहे. चिपळूणहून पुण्याला महिन्यातून दोन-तीनदा कुंभार्ली घाटाने जाणे होते, आणि पावसाळ्यात त्या रस्त्याची काय अवस्था असते ते इकडच्या लोकांना सांगायला नको. गेल्या आठवड्यात पंक्चर झाले म्हणून चाक काढले, तेव्हा पुढच्या डाव्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला. त्यावर धूळ बसून काळा, चिकट थर झाला होता. मिस्त्रींनी पुढचे दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले. ते मला पटले आणि नवी जोडी आणूनही ठेवली आहे.

प्रश्न डस्ट बुटांचा आहे. स्प्रिंगच्या आत रॉडवर जे चुण्याचुण्यांचे रबरी आवरण असते, ते डाव्या बाजूला तिसऱ्या चुणीपाशी अर्धे फाटले आहे. उजव्या बाजूचे अखंड आहे, परंतु बोटाने दाबले तर कडक लागते. नव्या शॉकअपच्या खोक्यात बूट आलेले नाहीत. मिस्त्रींचे म्हणणे असे, की बूट फक्त धूळ अडवतो, गाडीच्या चालण्याशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा आहेत तेच परत चढवू, उगाच खर्च नको. वडिलांच्या काळापासून आमच्या गाड्या त्यांच्याकडेच जातात आणि त्यांनी आम्हाला कधी नसता खर्च सांगितलेला नाही, म्हणून त्यांचा शब्द मोडताना जीवावर येते. तरीही फाटलेला बूट नव्या शॉकअपवर चढवायचा हे मनाला पटत नाही. शनिवारी काम आहे. ज्यांनी हे काम स्वतः केले किंवा करवून घेतले आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

तिरफळ

दोन्ही बाजूंचे बदला. स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग मिळून झालेला भाग, खाली उतरवून स्प्रिंग काढलेली असताना नवा बूट चढवायला वेगळी मजुरी पडत नाही. हेच काम सहा महिन्यांनी करायचे म्हटले, तर सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागेल.

रॉडसील

मी १४ वर्षे चाकणला शॉकअब्सॉर्बरच्या उत्पादनात काम करतो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

शॉकअपमध्ये तेल असते, आणि हल्लीच्या बहुतेक शॉकअपमध्ये तेलाच्या जोडीला दाबाखाली भरलेला नायट्रोजन असतो. हे दोन्ही आत राखण्याची सगळी जबाबदारी नळीच्या तोंडाशी बसवलेल्या एका लहानशा ऑइल सीलवर असते. सीलची कड रॉडला सतत टेकलेली असते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक उंचसखलपणाबरोबर रॉड त्या कडेतून आतबाहेर करतो. खराब रस्त्यावर एका किलोमीटरमध्ये हे शेकडो वेळा घडते. इतक्या घासण्यातही सील टिकते, कारण रॉडवर हार्ड क्रोमचा मुलामा देऊन तो आरशासारखा गुळगुळीत केलेला असतो. मात्र हा मुलामा साधारण १० ते २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा एक-दोन शतांश एवढाच जाड असतो.

बूट फाटला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे चिखल रॉडवर उडून तिथेच वाळतो आणि त्यातले वाळूचे कण रॉडबरोबर सीलच्या कडेखाली जातात. सीलला बाहेरच्या अंगाने धूळ पुसणारी एक कड असते, परंतु तिची ताकद बारीक धुळीपुरती. वाळलेला चिखल खरवडून काढणे हे तिचे काम नव्हे. दुसरी गोष्ट अधिक वाईट आहे. चाकाने उडवलेली खडी रॉडवर आपटते, क्रोमला बारीक टवका जातो आणि त्या टवक्यातून खालच्या पोलादाला गंज चढतो. गंजाचा तो ठिपका वर फुगून येतो आणि पुढच्या प्रत्येक हालचालीत कानशीसारखा सीलवरून फिरतो.

तेव्हा बुटाचा गाडीच्या चालण्याशी संबंध नाही, हे नवे शॉकअप बसवले त्या दिवशी खरे असते. वर्ष-दोन वर्षांनी ते खरे राहत नाही. तुमच्या गाडीत ज्या बाजूचा बूट फाटला, त्याच बाजूचा शॉकअप गळतो आहे. ८४,००० किलोमीटरनंतर शॉकअप एरवीही थकलेला असतो, त्यामुळे केवळ बुटामुळेच तो गळाला असे मी म्हणणार नाही. शनिवारी जुना रॉड पूर्ण बाहेर ओढून पुसून घ्या आणि अंगठ्याचे नख वरून खालपर्यंत फिरवून पाहा. नख अडकले, तर तुम्हाला तुमचे उत्तर मिळाले.

रखरखाट

मला हा सल्ला सरसकट देणे योग्य वाटत नाही. मी यवतमाळचा. माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही बूट पाच वर्षांपूर्वीच फाटले. त्यानंतर गाडी ६०,००० किलोमीटर चालली आणि शॉकअप आजही कोरडे आहेत. आमच्याकडे धूळ भरपूर आहे, पण ती कोरडी असते आणि झटकली जाते.

दुसरा मुद्दा मालाच्या दर्जाचा. मूळ कंपनीचा जुना बूट अखंड असेल आणि त्याच्या जागी बाजारातला हलक्या रबराचा नवा बूट बसवला, तर तो उन्हाळ्यात इंजिनाशेजारच्या उष्णतेने वर्षभरातच तडकतो. मग बदलून काय साधले? घाटवाट यांचा डावा बूट बदलायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. उजवा मात्र मऊ असेल तर ठेवावा, असे माझे मत आहे.

पाना_१७

रखरखाट यांच्या दर्जाच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. माझे मिरजेला गॅरेज आहे. मिस्त्री जुने बूट का चढवतात, हे त्यांच्या बाजूनेही सांगायला हवे. शॉकअपबरोबर बूट येत नाही, तो वेगळा मागवावा लागतो. गाडी खोलल्यावर तो फाटलेला आढळला आणि गावात मिळाला नाही, तर दोन दिवस लिफ्ट अडकून पडते. शिवाय ठरल्यापेक्षा बिल वाढले की गिऱ्हाईक वाद घालते. त्यामुळे जुना बूट पुसून परत चढवणे हा सगळ्यांत कमी कटकटीचा मार्ग ठरतो. मीही पूर्वी तेच करत असे आणि त्याचा परिणाम असा झाला, की दीड वर्षात एक गिऱ्हाईक तोच शॉकअप गळका घेऊन परत आले. त्या दिवसापासून मी पहिल्या अंदाजपत्रकातच शॉकअपखाली बूट, बम्प स्टॉपर, वरचे माउंटिंग आणि बेअरिंग अशा चार ओळी लिहितो. गाडी खोलल्यावर जे चांगले निघेल, ते खोडून टाकतो.

घाटवाट, शनिवारी समोर उभे राहणार असाल तर बुटापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट पाहा. वरचा नट आवळताना रॉड फिरू लागतो. तो थांबवण्यासाठी काही जण बूट वर सरकवून उघड्या रॉडला पकडीने धरतात. पकडीच्या दातांचे वळ क्रोमवर उमटले, की मोठ्या खड्ड्यात तोच भाग सीलमधून आत जातो आणि नवाकोरा शॉकअप काही महिन्यांत गळू लागतो. रॉडच्या टोकाला ॲलन की बसेल असा षटकोनी खाचा किंवा पाना लागेल अशा सपाट बाजू दिलेल्या असतात. रॉड तिथेच धरायचा. शेवटचा नट हवेच्या गनने आवळू देऊ नका, कारण त्यात रॉड आतल्या आत गरगर फिरतो. नट हातपान्याने आवळावा.

मेपलखालची_अनघा

मी १२ वर्षे टोरांटोला राहते. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे फाटलेल्या बुटाचा परिणाम बघायला वर्षे लागत नाहीत. माझ्या पहिल्या गाडीचा रॉड दोन हिवाळ्यांत खालपासून वरपर्यंत तपकिरी ठिपक्यांनी भरून गेला होता. इथे पुष्कळ लोक स्प्रिंग, बूट, स्टॉपर आणि माउंटिंगसकट जोडलेला तयार स्ट्रटच विकत घेतात; मनरोचा क्विक-स्ट्रट हा त्यातलाच प्रकार. किंमत जास्त पडते, परंतु बूट नवा की जुना हा प्रश्नच उरत नाही, आणि स्प्रिंग दाबण्याचे धोक्याचे कामही टळते. गणपतीला चिपळूणला येते तेव्हा भावाची गाडी चालवते, म्हणून कुंभार्लीचा लाल चिखल मला चांगला माहीत आहे. मीठ नसले तरी तो ओला राहतो आणि चिकटून बसतो. यवतमाळच्या धुळीचा हिशेब तिथे लागू पडणार नाही.

जुई_के

एक मूलभूत शंका विचारते. बूट आणि बम्प स्टॉपर या दोन वेगळ्या वस्तू आहेत का? आमच्या गाडीचा शॉकअप काढला, तेव्हा रबरी आवरणाच्या आत पिवळसर फोमसारखा भाग होता आणि तो हातात घेताच त्याचा चुरा झाला. गॅरेजमध्ये म्हणाले की ते नुसते पॅकिंग असते, नसले तरी चालते.

रॉडसील

जुई, ते पॅकिंग नव्हते, बम्प स्टॉपरच होता. पुष्कळ गाड्यांमध्ये बूट त्याच्याच वरच्या खाचेत अडकवलेला असतो, काहींमध्ये दोन्ही मिळून एकच भाग येतो, त्यामुळे गोंधळ होतो. बुटाचे काम रॉड झाकण्याचे आहे. स्टॉपरचे काम चाक फार वर आले तर रॉडची धाव हळूहळू थोपवण्याचे आहे. तो सूक्ष्म छिद्रांच्या पॉलियुरेथेनचा असतो आणि दाबला जाईल तसा अधिकाधिक कडक होत जातो. भरलेली गाडी खोल खड्ड्यात जाते, तेव्हा तो स्प्रिंगला साहाय्य करत असतो. तो नसेल तर धातूवर धातू आपटतो आणि शॉकअपच्या आतले व्हॉल्व्ह खराब होतात. या पदार्थाच्या काही जाती दमट उष्ण हवेत पाण्याच्या अंशाने आतून विघटित होतात. बाहेरून आकार शाबूत दिसतो आणि बोट लावले की भुगा होतो. कोकणातून आणि मुंबईतून येणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये मी हे वारंवार पाहिले आहे. बूट एकवेळ आठवडाभर थांबेल, परंतु स्टॉपरशिवाय गाडी चालवू नका.

केवायबी आणि मनरो यांसारखे उत्पादक बूट आणि स्टॉपर एकत्रच प्रोटेक्शन किट म्हणून विकतात, त्यामागचे कारण हेच. आपल्या शॉकअपच्या खोक्यातला कागदही वाचून पाहा. बसवताना कोणते सुटे भाग नवे घ्यावेत आणि वॉरंटी कोणत्या अटींवर आहे, हे त्यावर लिहिलेले असते.

घाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. वाचून आणखी दोन प्रश्न मनात आले. समजा शनिवारपर्यंत बूट मिळालाच नाही, तर नंतर नवा बूट उभा चिरून, रॉडभोवती गुंडाळून केबल टायने बांधता येईल का? आणि तोवर रॉडला ग्रीस लावून ठेवले तर गंज टळेल का?

पाना_१७

दोन्ही करू नका.

ग्रीस लावलेल्या रॉडवर धूळ चिकटून राहते आणि दोन दिवसांत तिचा घासणारा लेप तयार होतो. शिवाय साध्या खनिज ग्रीसने काही प्रकारची रबरे फुगतात. रॉड कोरडाच असावा; सीलला लागणारा तेलाचा पापुद्रा आतून आपोआप मिळतो.

चिरलेल्या बुटाबद्दल सांगायचे, तर चिरेतून पाणी आत जाते आणि वरून टाय आवळलेला असल्यामुळे बाहेर पडत नाही. म्हणजे रॉड उघडा असता तर वाऱ्याने वाळला असता, तोही मार्ग बंद होतो. दुसरे असे, की शॉकअप दाबला गेला की बुटातली हवा कुठेतरी जायला हवी. त्यासाठी चांगल्या बुटाला बारीक छिद्रे असतात किंवा त्याचे खालचे तोंड सैल असते. दोन्ही टोके आवळली तर बूट फुग्यासारखा फुगतो आणि एक तर फाटतो किंवा निसटतो. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बुटांची तक्रारही हीच असते. आपल्या मॉडेलचाच बूट घ्या. तो मिळेपर्यंत काम एक आठवडा पुढे ढकलले तरी बिघडणार नाही, फक्त घाटात वेग कमी ठेवा.

डोंगरचाक

थोडे बाजूचे, परंतु याच विषयाचे. दुचाकीवाल्यांना हे आवरण ओळखीचे असते. रॉयल एनफिल्डच्या २०१६ सालच्या हिमालयनच्या पुढच्या फोर्कवर अशीच चुण्यांची रबरी आवरणे होती आणि खडीच्या रस्त्यांवर त्यांचा मला फार उपयोग झाला. मी दर सर्व्हिसिंगला ती वर सरकवून आतली माती पुसत असे. मोटारीत ते स्प्रिंगच्या आड दडलेले असल्यामुळे कोणी पाहत नाही. ता. क. मोटारीचेही काम घरी करता येईल का? स्प्रिंग दाबायचे साधन भाड्याने मिळते.

पाना_१७

डोंगरचाक, हात जोडून सांगतो, पहिल्यांदा एकट्याने करू नका. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि वरच्या नटाने धरून ठेवलेली असते. ती नीट न दाबता नट सोडला, किंवा साधनाचे हुक घसरले, तर माउंटिंग आणि स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. माझ्याकडच्या एका मुलाची दोन बोटे यात मोडली आहेत. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंटही करून घ्यावे लागते.

तिरफळ

मागच्या शॉकअपचे काय? ते स्प्रिंगपासून वेगळे असतात ना?

रॉडसील

ज्या गाड्यांमध्ये मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाके जोडणारी आडवी तुळई, आहे, त्यांपैकी पुष्कळांमध्ये ते वेगळे असतात, आणि तिथे बूट बदलायला वरचा-खालचा असे दोनच बोल्ट काढावे लागतात. काही मागच्या शॉकअपना रबरी बुटाऐवजी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची नळी असते. ती फाटत नाही, पण चेपली असेल तर रॉडला घासते, एवढे पाहावे.

घाटवाट

काम झाले. सविस्तर लिहितो.

तुमचे प्रतिसाद मी मिस्त्रींना शुक्रवारीच वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘कऱ्हाडहून मागवू, पण तुम्ही म्हणता म्हणून.’ बूट आणि स्टॉपरची जोडी शनिवारी सकाळी एसटीच्या पार्सलने आली. दोन्ही बाजूंचे मिळून १,१५० रुपये झाले आणि मजुरी आधी ठरली होती तेवढीच राहिली.

डावा स्ट्रट खोलल्यावर जुना बूट उलटा केला, तर त्यातून चमचाभर लाल माती आणि खडीचे चार-पाच कण खाली पडले. रॉड कापडाने पुसला. वरचा भाग चकचकीत होता, पण नळीच्या तोंडापासून साधारण चार बोटे वर, बुटाची फट जिथे येत होती नेमक्या त्याच उंचीवर, रॉडच्या एका अंगाला तिळाएवढे सात-आठ तपकिरी ठिपके होते. रॉडसील यांनी सांगितल्याप्रमाणे नख फिरवले आणि ते तिथे स्पष्ट अडकले. मिस्त्रींनीही फिरवून पाहिले. उजव्या बाजूचा रॉड मात्र स्वच्छ निघाला, नख वरपासून खालपर्यंत सरळ घसरले. परंतु त्या बाजूचा स्टॉपर दाबताच शिळ्या खारीसारखा तुटला. बूट अखंड दिसतो म्हणून तो उघडलाच नसता, तर हे कधी कळले नसते.

वरचा नट आवळताना मिस्त्रींनी स्वतःहून ॲलन की घेतली. त्यासाठी मला काही सांगावे लागले नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

रखरखाट

तपशिलाबद्दल धन्यवाद. फटीच्या उंचीवरच गंज आढळला, यावरून तुमच्या प्रदेशात बुटाचे महत्त्व किती आहे ते मला मान्य करावे लागते. स्टॉपरकडे मीही आजवर पाहिलेले नव्हते. या रविवारी पाहीन. तरीही उजवा रॉड स्वच्छ निघाला याचा अर्थ तो जुना बूट आपले काम चोख करत होता, आणि कोरड्या भागात असा अखंड, मऊ बूट काढून टाकू नये, हे माझे मत कायम आहे.

रॉडसील

मऊ असेल तर, हे तुमचे शब्द महत्त्वाचे आहेत. घाटवाट यांचा उजवा बूट पहिल्याच निवेदनाप्रमाणे कडक झाला होता. कडक झालेले रबर नव्या शॉकअपच्या पूर्ण धावेवर चुणीत तडकते, म्हणून त्यांच्या बाबतीत मी तो बदलायलाच सांगितले असते. बूट हातात घेऊन चुण्या ताणून पाहाव्यात. चुणीच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या तर तो ठेवू नये.

पाना_१७

घाटवाट, एक काम राहिले. हजारभर किलोमीटर झाले की स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, चाकाच्या मागून टॉर्चने बुटाची खालची कड पाहा. ज्या गाड्यांमध्ये बूट खाली मोकळाच लोंबतो तिथे हा प्रश्न नाही, परंतु जिथे ती कड नळीच्या टोपीवर अडकते, तिथे नवा बूट पहिल्या काही दिवसांत कधीकधी निसटतो आणि वर गोळा होऊन बसतो.

घाटवाट

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. मध्यंतरी मुसळधार पावसात पुण्याला दोन फेऱ्या झाल्या. आज सकाळी सांगितल्याप्रमाणे टॉर्च घेऊन पाहिले. डावा बूट जागेवर आहे. उजव्याची कड मागच्या अंगाने अर्धी सुटली होती आणि दोन चुण्या वर चढल्या होत्या. आतला रॉड कोरडा होता. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमधून दोन बोटे घालून कड सर्व बाजूंनी खाली दाबली, तेव्हा ती टोपीवर बसल्याचे बोटांना जाणवले. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहीन.